वारा पडेपर्यंत

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्यंतरी दोन-तीन विषय डोक्यात होते, पण ते सगळे एका आठ पानी कागदाने मागे ढकलले. लेकीच्या शाळेचा फॉर्म. शाळेची सहल, जूनचा पहिला पंधरवडा, चार दिवस, तीन रात्री, कनूतून. खाली पालकांची सही. फॉर्ममध्ये एका वाक्यात लिहिलेलं होतं की या उपक्रमात दुखापत होण्याचा किंवा मृत्यूचाही धोका असतो हे आम्हाला मान्य आहे. आता इथल्या फॉर्मात असली वाक्यं असतातच, मुलांना बर्फावर घसरगुंडी खेळायला नेलं तरी असतात. पण ते वाक्य वाचून मी पेन खाली ठेवलं आणि फॉर्म फ्रिजवर चुंबकाने लावून टाकला. तो तिथे दहा दिवस होता.

दरम्यान आईचा अलिबागहून व्हिडिओ कॉल. लेकीने उत्साहात आजीला सगळं सांगितलं. आजीने शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "पोहायला येतं ना गो तिला नीट?" येतं, चांगलं येतं, चार लेव्हल्स झाल्यात, असं मी सांगितलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही, पण विषय तिने वाढवला नाही.

आईच्या या प्रश्नामागे काय आहे ते मला माहीत होतं. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. गटारी अमावास्येचा दिवस, ऐन पावसाळा, बोट माणसांनी भरलेली, सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं आणि आमच्याकडच्या गावागावांत रडारड. आई तेव्हा सात वर्षांची. तिच्या आठवणीत बोट नाहीच, आठवण आहे ती दुपारी ओसरीवर अचानक जमलेल्या बायकांची, आणि कोणी काहीच बोलत नव्हतं याची. त्या दिवशी जे वाचले त्यांत पोहणारे होते आणि कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलेले होते. त्यामुळे आमच्या घरात पाण्याबद्दलचं शहाणपण एका ओळीचं होतं: पोहता आलं पाहिजे. आम्हा सगळ्या भावंडांना विहिरीत ढकलून शिकवलं ते त्याचसाठी.

इथे ऑन्टारिओत आल्यावर ते शहाणपण अर्ध्यावरच उपयोगी पडतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळलं ते एका पुस्तकामुळे. आमच्या लायब्ररीत जेम्स रॅफन यांचं 'डीप वॉटर्स' नावाचं २००२ सालचं पुस्तक मिळालं. फॉर्म फ्रिजवर असतानाच्या त्या दहा दिवसांत मी ते परत आणून वाचलं. (नवरा म्हणाला, "तुला हेच पुस्तक आत्ताच वाचायचं होतं का?" हो, आत्ताच.)

त्यातली घटना थोडक्यात सांगते. ऑन्टारिओ आणि क्वेबेक यांच्या सीमेवर टिमिस्कॅमिंग नावाचं सरोवर आहे. ऑटवा नदीच्याच वाटेतलं, शंभर किलोमीटरहून जास्त लांब, चिंचोळं आणि भयंकर खोल. त्या नावाचा मूळ तिथल्या आदिवासींच्या भाषेतला अर्थच 'खोल पाणी' असा आहे. कडेला बऱ्याच ठिकाणी उभे खडक, म्हणजे वाटेल तिथे होडी लावता येईल असं नाही. ११ जून १९७८ ला सेंट जॉन्स स्कूल ऑफ ऑन्टारिओ या मुलांच्या शाळेतली २७ मुलं आणि चार शिक्षक चार मोठ्या कनू घेऊन या सरोवरावर उतरले. जायचं होतं पार उत्तरेला जेम्स बेपर्यंत, काही आठवड्यांचा प्रवास. मुलं बहुतेक बारा ते चौदाच्या आसपासची. म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची.

पहिल्याच दिवशी दुपारी वारा उठला. तोही दक्षिणेकडून, म्हणजे पाठीमागून. पाठीवरचा वारा हा मोठा फसवा प्रकार असतो. समोरून वारा असला की वल्हवणाऱ्याला लगेच कळतं, हात भरून येतात, माणूस किनारा शोधायला लागतो. पाठीवरचा वारा आधी बरा वाटतो, होडी पळते, मुलं खूश होतात. लाटा मात्र मागून मोठ्या होत जातात आणि त्या होडीला आडवी फिरवायला बघतात. मागे बसून होडीची दिशा सांभाळणारा माणूस पक्का नसेल, तर ती आडवी होतेच. तशी एक कनू आडवी झाली आणि उलटली. बाकीच्या मदतीला धावल्या. त्या गडबडीत आणखी दोन उलटल्या. चौथीने आपली मुलं कडेला उतरवली आणि ती परत पाण्यातल्या मुलांकडे गेली. दुसऱ्या दिवशीपर्यंत हिशेब लागला तो असा: बारा मुलं आणि एक शिक्षक गेले.

आणि मंडळी, इथे मी थांबले होते, तुम्हीही थांबा. सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेटं होती. ती मुलं बुडून तळाला गेली नाहीत. ती तरंगतच होती. ती थंडीने गेली.

जूनमध्ये! इथे राहणाऱ्यांना पटेल, पण अलिबागच्या माझ्या भावंडांसाठी सांगते. जूनच्या सुरुवातीला इथे हवा छान असते, टी-शर्टावर फिरता येतं, ट्युलिप संपून लायलॅक फुललेला असतो. पण उत्तरेकडच्या तळ्यांवरचा बर्फ मेच्या सुरुवातीच्या आसपासच गेलेला असतो. वरची हवा उन्हाळ्याची आणि पाणी हिवाळ्याचं, अशी ती दोन-चार आठवड्यांची फसवी संधी. आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. म्हणजे दहा अंशांची हवा आणि दहा अंशांचं पाणी यांची तुलनाच नाही.

आपल्याकडे हे ज्ञान नाही यात नवल नाही, कोकणच्या समुद्रात माणूस थंडीने मरत नाही. पण गंमत म्हणजे, गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो, हे ज्ञान गोऱ्या लोकांनाही फार उशिरा आलं. टायटॅनिक १९१२ साली बुडाली तेव्हा पाणी शून्याच्या खाली दोन अंश होतं. शेकडो माणसं लाइफ जॅकेट घालून पाण्यात तरंगत होती, मदतीची बोट यायला पावणेदोन तास लागले, तोवर जवळजवळ सगळी संपली होती. तरीही त्या वेळी सगळे 'बुडाले' असंच म्हटलं गेलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये खलाशांचे जीव गेले तेव्हा ब्रिटिश नौदलाला मोजदाद करावी लागली, आणि लक्षात आलं की जहाज बुडाल्यावर पाण्यात किंवा तराफ्यावर गारठून गेलेल्यांची संख्या प्रचंड आहे.

पाण्यात पडलेल्या माणसाने नेमकं काय करावं याचा नीट अभ्यास तर १९७० च्या दशकातला. ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॉन हेवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट स्वयंसेवकांना थंड समुद्रात बसवून त्यांचं तापमान मोजलं. त्यात जे निघालं त्याने माझ्या आईचा प्रश्न उलटापालटा झाला. लाइफ जॅकेट घालून स्वस्थ तरंगणाऱ्या माणसापेक्षा पोहणारा माणूस सुमारे एक तृतीयांश जास्त वेगाने गार होतो. हातपाय मारले की गरम रक्त हातापायांकडे धावतं आणि तिथून उष्णता पाण्यात निघून जाते. उलट गुडघे छातीशी घेऊन, हात अंगाशी घट्ट धरून, पोटातल्या बाळासारखं मुटकुळं केलं, किंवा तिघाचौघांनी एकमेकांना चिकटून कडं केलं, तर उष्णता जाण्याचा वेग सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. काखा, छातीच्या बाजू आणि जांघा, एवढ्या जागा झाकल्या तरी मोठं काम होतं. हा निबंध १९७५ चा. टिमिस्कॅमिंगच्या तीनच वर्षं आधीचा. अभ्यास पश्चिम किनाऱ्यावर झाला होता आणि मुलं पूर्वेकडच्या एका सरोवरात होती.

पुढे मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी ते आणखी सोपं केलं. हा माणूस स्वतः बर्फ फोडून गार पाण्यात उड्या मारतो आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, त्याचे व्हिडिओ जरूर बघा. त्याचा हिशेब एक-दहा-एक असा आहे. पहिलं एक मिनिट श्वासाचं. गार पाण्यात पडल्याबरोबर माणूस हबकतो, मोठा श्वास आत ओढतो, धापा लागतात. तो श्वास पाण्याखाली ओढला गेला तर पट्टीचा पोहणाराही तिथेच संपतो, म्हणून लाइफ जॅकेट होडीत पायाशी ठेवून उपयोग नाही, अंगावर हवं. पुढची दहा मिनिटं हाताची. तोवर बोटं चालतात, दोरी धरता येते, शिट्टी वाजवता येते, उलटलेल्या होडीवर छाती टाकून पडता येतं. त्यानंतर बोटं लाकडासारखी होतात. आणि मग सुमारे एक तास, शुद्ध हरपेपर्यंतचा. म्हणजे माणसाला वाटतो त्यापेक्षा वेळ जास्त असतो, पण काही करायची वेळ मात्र फक्त दहा मिनिटं.

हे सगळं वाचताना मला राग आला तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. त्या शाळेची कल्पना अशी होती की आजकालची मुलं मऊ झालीत, त्यांना घडवायला हवं. त्यासाठी नमुना घेतला होता जुन्या व्हॉयाजर लोकांचा. हे व्हॉयाजर म्हणजे कातड्याच्या व्यापारातले कॅनडाचे हमाल-नावाडी. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मॉन्ट्रिअलहून बर्चच्या सालीच्या छत्तीस फुटी कनू घेऊन ते आत खंडभर जात. टिमिस्कॅमिंगवरही व्यापारी ठाणं होतं, त्यांचा तो नेहमीचा मार्ग. दिवसाचे चौदा-पंधरा तास वल्हवायचं, जिथे नदी चालत नाही तिथे नव्वद-नव्वद पौंडांची गाठोडी पाठीवर घेऊन पळायचं, गाणी म्हणायची. शाळेला हे सगळं फार आवडलेलं. कष्ट, शिस्त, मर्दानगी.

पण व्हॉयाजर वारा उठला की काय करायचे? किनाऱ्याला लागायचे आणि बसून राहायचे. बस्स. त्यांच्या बोलीत वाऱ्याने अडकून पडण्याला वेगळा शब्दच होता. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडा. कनू पाण्याबाहेर काढायची, ती उपडी कलती करून तिच्या आडोशाला ताडपत्री ताणायची, शेकोटी करायची, तंबाखू ओढायची, डिंक आणि चरबी घेऊन कनूच्या सालीच्या भेगा लिंपायच्या. लोकरीचं ब्लँकेट गुंडाळून झोपायचं. पहाटेच्या अंधारात निघायचे ते शूरपणा म्हणून नाही, तर पहाटे तळं शांत असतं आणि दुपारी वारा उठतो म्हणून. मोठा उपसागर आडवा पार करायचा असला तर आधी आकाश निरखायचं, आणि वाऱ्याला 'म्हातारी' म्हणून हाक मारून तिच्या नावाने थोडी तंबाखू पाण्यात टाकायची. त्यांच्यातल्या कित्येकांना पोहता यायचं नाही. पाण्यात पडून मेलेले तर भरपूर, खळाळांच्या काठावर त्यांचे लाकडी क्रूस उभे असत. ते क्रूस येता-जाता दिसायचे म्हणूनच बहुधा बाकीचे किनाऱ्याला लागत.

हे वाचलं आणि मला एकदम आमच्या अलिबागचे कोळी दिसले. पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, जाळी विणत बसायचं, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही. कोणी त्यांना भित्रे म्हणालंय कधी? रामदास पावसाळ्यात चालली होती ती कोळ्यांची होडी नव्हती, वेळापत्रकावरची बोट होती.

शाळेच्या गटाकडेही वेळापत्रक होतं. जेम्स बे गाठायचा होता. आदल्या रात्री पुरेशी झोप नाही, मागे बसून दिशा सांभाळणाऱ्यांत सगळे मुरलेले नाहीत, उलटल्यावर काय करायचं याची आधी रंगीत तालीम झालेली नाही. व्हॉयाजरांचं खडतरपण उचललं होतं आणि त्यांचं बसून राहणं मागे ठेवलं होतं. चौकशीत मृत्यू अपघाती ठरले, पण शाळेवर ताशेरे ओढले गेले. आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही की गेलेल्या मुलांपैकी बऱ्याच आईवडिलांनी शाळेची बाजू घेतली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे समजूच शकलं नव्हतं. आता वाटतं, आपण ज्या माणसांच्या हाती मूल दिलं ती माणसं चुकली असं म्हटलं, तर आपणही चुकलो असं म्हणावं लागतं. ते कोणाला झेपणार? शाळा पुढे १९८९ मध्ये बंद पडली.

ही एकच घटना असती तर मी अपवाद म्हणून सोडून दिली असती. पण एकदा शोधायला लागलं की सापडत जातं. जुलै १९२६ मध्ये ऑन्टारिओतल्याच बाल्सम लेकवर मुलांच्या शिबिराची मोठी वॉर कनू उलटली, पंधरांपैकी अकरा गेले. जण उलटलेल्या होडीला धरून होते आणि एकेक करत सुटत गेले. १९५५ मध्ये आर्थर मोफॅट नावाचा अमेरिकन, पाच तरुणांना घेऊन उत्तरेतल्या डुबॉन्ट नदीवर गेला. रमतगमत गेले, मोसम हातातून निसटला, अन्न संपत आलं, आणि मग घाई सुरू झाली. १४ सप्टेंबरला खळाळ किनाऱ्यावरून नीट न बघताच उतरायला गेले. दोन कनू उलटल्या, मोफॅट त्याच दिवशी गारठून गेला. बाकीचे वाचले. २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बेमध्ये प्लिमथच्या शाळेची आठ मुलं कयाकमधून निघाली. थोडक्या अंतराचीच फेरी होती. वाऱ्याने त्यांना समुद्रात ओढून नेलं, कयाक पाण्याने भरत गेल्या, धोक्याची सूचना द्यायची साधनं नव्हती, आणि मुलं आली नाहीत हे कळवायला किनाऱ्यावरच्यांनी फार उशीर केला. चार मुलं गेली. तिथे मात्र पुढच्या वर्षी त्या कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला, तिच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहसी केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला.

प्रत्येक ठिकाणी थंडी आहे, वारा आहे, पण त्याआधी एक क्षण आहे जेव्हा कोणीतरी "थांबू या" म्हणायला हवं होतं.

आता माझी फजिती सांगते. इतिहासावर एवढं बोलतेय म्हणजे मी फार शहाणी असं समजू नका. लेक चार वर्षांची असताना आम्ही दोन मराठी कुटुंबं अल्गोंक्विन पार्कमध्ये ऑगस्टमध्ये कनू भाड्याने घेऊन गेलो होतो. लेक आणि मित्रांची मुलं आजीआजोबांकडे ठेवून (तेव्हा सासूसासरे आले होते), फक्त आम्ही चौघे. चौघांच्याही अंगात जीन्स! सुती टी-शर्ट! डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं. नवऱ्याचं म्हणणं, पलीकडचा किनारा दहा मिनिटांवर आहे, पोचू. आम्ही पोचलो, पण पाऊण तासाने, आणि शेवटची पंधरा मिनिटं मी फक्त गणपती अथर्वशीर्ष म्हणत होते, तेही मधलंच. विजा पाण्यावर पडल्यासारख्या दिसत होत्या. तळ्याच्या मधोमध सगळ्यात उंच वस्तू आपलं डोकं असतं, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

किनाऱ्याला लागलो आणि आम्हाला वाटलं, सुटलो. खरं तर तिथून पुढेच सुरू झालं. पाऊस, वारा, आणि भिजलेली जीन्स. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाला चिकटून उष्णता ओढत बसतं. इथले लोक त्याबद्दल फार कठोर बोलतात, ते उगीच नाही. मैत्रिणीला हुडहुडी भरली. ती आधी चिडचिड करायला लागली, मग डब्याचं झाकण तिला उघडेना, मग ती गप्प झाली आणि म्हणाली, मला झोप येतेय. आम्हाला वाटलं, दमली आहे.

पलीकडच्या जागेवर एक सत्तरीचे आजोबा तंबू टाकून होते. ते पावसातून आले, तिच्याकडे एकदा बघितलं आणि अक्षरशः हुकूम सोडायला लागले. ओलं सगळं काढा. पूर्ण. लाजायची वेळ नाही. त्यांनी त्यांची लोकरीची बंडी, कोरडी विजार आणि टोपी दिली. खाली पाठीच्या पिशवीतली फोमची चटई, कारण जमीनही उष्णता ओढते. वरून स्लीपिंग बॅग, आणि मला म्हणाले, तू पण आत शिर तिच्याबरोबर. हातपाय चोळू नका, नुसतं ऊबेत ठेवा. नवऱ्याने खिशातून ब्रँडीची छोटी बाटली काढली तर तिच्याकडे बघून आजोबांनी फक्त मान हलवली: दारूने कातडीला ऊब वाटते आणि आतली ऊब बाहेर जाते. त्याऐवजी त्यांनी गरम पाण्यात भरपूर साखर घालून दिलं, ती नीट गिळू शकतेय याची खात्री करून. मग आमच्या डब्यातलं श्रीखंड तिला चमच्याने भरवलं. गारठलेल्या शरीराला जळण लागतं, साखर आणि तूप, श्रीखंडाइतकं योग्य औषध त्या पार्कात दुसऱ्या कोणाकडे नसेल :-)

विजा चमकत असताना त्यांनी आम्हाला एकत्र घोळक्यात उभं राहू दिलं नाही, एकट्या उंच पाईनपासून लांब, सारख्या उंचीच्या झाडीत, अंतर ठेवून चटईवर उकिडवं बसवलं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास हलायचं नाही. मी घड्याळ बघत होते. नवरा दोनदा म्हणाला, संपलं वाटतं. दोन्हीदा परत गडगडलं. हायपोथर्मिया हा शब्द मी परत आल्यावर नीट वाचला: शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं. चिडचिड, बोबडं बोलणं, बोटं न चालणं, अडखळणं, सगळं आमच्या डोळ्यांसमोर क्रमाने झालं होतं आणि आम्हाला एकही ओळखता आलं नव्हतं. चार पदवीधर माणसं.

तर एवढं सगळं डोक्यात घेऊन मी अखेर शाळेत जाऊन सहलीच्या शिक्षिकेला भेटले. लेकीने आधीच बजावलं होतं, "आई, प्लीज, एम्बॅरस करू नकोस." मी केलंच. मी प्रश्न लिहून नेले होते. कनू उलटवून परत चढायचा सराव झालाय का? झालाय, मे महिन्यात पोहण्याच्या तलावात, दोनदा, कपड्यांसकट. प्रत्येकाकडे कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत? हो, आणि ती पिशवी दिवसा उघडायची नाही असा नियम आहे. सुती चालतं? नाही. किनाऱ्याच्या किती जवळून? एवढं जवळ की उलटलं तर पाय टेकेपर्यंत दोन-तीन मिनिटं. उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र? दोन.

शेवटी मला जो खरा प्रश्न विचारायचा होता तो विचारला. ठरलेल्या दिवशी वारा असला तर काय? शाळेची बस तर ठरलेल्या वेळी येऊन उभी राहणार. बाई अगदी सहज म्हणाल्या, "बस थांबेल. एका दिवसाचं अन्न आम्ही मुद्दाम जास्त नेतो. बसच्या कंपनीला आधीच सांगितलेलं असतं."

मी तिथेच त्यांच्या टेबलावर सही केली.

आईला कॉलवर सांगितलं, ती म्हणाली, "लोकरीचं काही दिलंस का?" दिलं. तिनेच दोन वर्षांपूर्वी पाठवलेला स्वेटर, राणी कलरचा, जो लेकीने आजवर घरातसुद्धा घातला नव्हता. त्या कोरड्या पिशवीत तोच सगळ्यात वर होता.

सहल झाली. मंगळवारी यायची ती मंडळी बुधवारी दुपारी आली. मंगळवारचा दिवस मी कसा काढला ते लिहीत नाही, संदेश येत होते तरी. बसमधून लेक उतरली, केसांना धुराचा वास, नाक सोललेलं, अंगात राणी कलरचा स्वेटर. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय झालं काल?

"काही नाही गं, वारा होता. दिवसभर नुसते ताडपत्रीखाली बसलो. पत्ते खेळलो. इतकं बोअर झालं!"

एवढं म्हणून ती झोपली. घर येईपर्यंत उठली नाही.